हौदातलं पाणी आधी स्थिर ठेवा: कणपद्धतीने सिम्युलेशन शिकणाऱ्यांसाठी

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकमध्ये एकच प्रश्न फिरतो: पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत? कणपद्धत, म्हणजे पदार्थ असंख्य कणांनी मांडून त्याची हालचाल संगणकावर मोजण्याची रीत, नव्याने शिकणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांनाही पहिला प्रकल्प सहसा हाच सुचतो: रामकुंडावरचा गोदावरीचा पूर. हौस चांगली आहे, पण या कामाला हे हत्यार चुकीचं आहे. आकडे मांडले की लगेच कळतं.

नदीचा एक किलोमीटरचा पट्टा घ्या. रुंदी १०० मीटर, खोली ५ मीटर, म्हणजे ५ लाख घनमीटर पाणी. दर १० सेंटीमीटरला एक कण ठेवला तर घनमीटरात १,००० कण होतात आणि एकूण ५० कोटी. खाली येणाऱ्या नियमाने टाइम स्टेप, म्हणजे हिशेबाच्या एका पावलाचा काळ, साधारण ०.०००२ सेकंदाची निघते, म्हणजे तासाभराच्या पुराला १ कोटी ८० लाख पावलं. प्रत्येक पावलाला ५० कोटी कणांचे सत्तर-सत्तर शेजारी तपासत बसायचं. पूर हा उथळ आणि पसरट प्रवाह असतो. त्याला उथळ पाण्याची समीकरणं आणि साधी मेश, म्हणजे चौकोनांची जाळी, पुरते, आणि ते काम लॅपटॉपवर होतं.

कणांची गरज तिथे पडते, जिथे पाण्याचा पृष्ठभाग फाटतो, उलटा वळतो, शिंतोडे उडतात किंवा पदार्थ इतका वाकतो-वाहतो की मेशचे चौकोन पिळवटून जातात. सांडव्यावरून झेपावणारं पाणी, अर्धवट भरलेल्या वाइनच्या टँकरमध्ये ब्रेक लागल्यावर उसळणारी लाट, कसारा घाटातून घसरणारा चिखल, प्रतवारीच्या यंत्रात हॉपरमधून उतरणारा लासलगावचा कांदा, ही कणांची खरी कामं.

तीन पद्धती, तीन वेगळे ‘कण’

एसपीएच (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स), एमपीएम (मटेरियल पॉइंट मेथड) आणि डीईएम (डिस्क्रीट एलिमेंट मेथड) ही नावं एकत्र ऐकू येतात म्हणून ती एकाच गोष्टीची तीन रूपं वाटतात. तसं नाही.

डीईएममधला कण म्हणजे खरोखरची वस्तू: एक कांदा, एक खडा, खताची एक गोळी. कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ साली ही पद्धत मांडली. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की स्प्रिंगसारखं बल लावायचं, एवढाच तिचा गाभा आहे.

एसपीएचमधला कण मात्र पाण्याचा थेंब नव्हे. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. तो हलता हिशेबबिंदू असतो. ठरावीक वस्तुमान सोबत घेऊन तो फिरतो, आणि त्या जागी घनता-दाब किती हे आजूबाजूच्या बिंदूंच्या वजनी सरासरीने ठरतं. लुसी यांनी, आणि गिंगोल्ड व मोनॅहन यांनी स्वतंत्रपणे, १९७७ साली ही पद्धत ताऱ्यांच्या अभ्यासासाठी काढली. मोकळ्या पृष्ठभागाच्या पाण्यासाठी मोनॅहन यांनी ती १९९४ मध्ये वापरून दाखवली. ताऱ्याला भिंत नसते आणि हौदाला असते, म्हणून एसपीएचमधली निम्मी डोकेदुखी आजही भिंतीपाशीच सापडते.

एमपीएममध्ये कणांवर वस्तुमान, वेग आणि ताण असतो, पण बलांचा हिशेब मागच्या साध्या चौकोनी जाळीवर होतो. प्रत्येक पावलाला माहिती कणांवरून जाळीवर जाते, तिथे गणित होतं, निकाल कणांवर परत येतो आणि जाळी पुसून पुन्हा कोरी होते. सुल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये घन पदार्थांसाठी ही पद्धत मांडली.

निवड करताना फार डोकं खाजवू नका. पाणी असेल तर एसपीएच, माती-चिखल-बर्फ असेल तर एमपीएम, आणि सुटे दाणे वेगळे मोजता येण्याइतके मोठे असतील तर डीईएम. शिकायला सुरुवात एसपीएचने करावी. त्यात चुका लवकर डोळ्यांना दिसतात.

सॉफ्टवेअर की स्वतःचा कोड?

दोन्ही, आणि आधी स्वतःचा. दोनशे-अडीचशे ओळींचा द्विमितीय कोड एकदा हाताने लिहिला की तयार सॉफ्टवेअरमधला प्रत्येक पर्याय कशासाठी आहे ते समजतं. न लिहिता थेट ड्युअलएसपीएच-फिजिक्ससारखं तयार सॉफ्टवेअर उघडलं तर सुंदर चित्रं मिळतील, पण त्यातला दाब चुकला तर कळणार नाही.

पायथन येत असेल तर पुढची पायरी म्हणून पायएसपीएच सोयीचं. ते आयआयटी मुंबईत तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्यात धरणफुटीसारखी (अडवलेलं पाणी एकदम मोकळं सोडणं) तयार उदाहरणं आहेत. एक सूचना: ते पायथनमधून मशीनसाठी कोड तयार करून कंपाइल करतं, म्हणून संगणकावर सी++ कंपायलर हवाच. पहिल्यांदा चालवताना स्क्रीन बराच वेळ गप्प राहते. प्रोग्राम अडकला म्हणून बंद करू नका, कंपाइल चालू असतं. इन्स्टॉल नेहमी वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये करा. चित्रं पाहायला पॅराव्ह्यू घ्या, तेही मुक्त आहे.

पहिला हौद: सगळे आकडे कागदावर

कोड उघडण्याआधी हे कागदावर मांडा. ०.५ मीटर रुंद हौद, त्यात ०.५ मीटर उंच पाणी. दोन मितींतच.

कणांमधलं अंतर १ सेंटीमीटर, म्हणजे ५० × ५० = २,५०० पाण्याचे कण. एका कणाचं वस्तुमान १००० × ०.०१ × ०.०१ = ०.१ किलो (दर मीटर जाडीला). हे वस्तुमान शेवटपर्यंत बदलायचं नाही.

स्मूदिंग लांबी, तिला इथे ‘ह’ म्हणू, कणांतराच्या १.३ पट म्हणजे ०.०१३ मीटर. कर्नल म्हणजे अंतरानुसार शेजाऱ्याचं वजन ठरवणारं सूत्र. त्याचा प्रभाव २ह पर्यंत, म्हणजे २.६ सेंटीमीटर. त्या वर्तुळात साधारण २१ शेजारी बसतात. तीन मितींत हाच आकडा सत्तरच्या पुढे जातो. तुमच्या कोडमध्ये मधल्या कणाला आठच शेजारी दिसले किंवा साठ दिसले, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

कर्नल वेंडलँडचा घ्या. क म्हणजे अंतर भागिले ह, आणि पाय म्हणजे π. क दोनपेक्षा कमी असेल तर वजन = ७ ÷ (४ × पाय × ह²) × (१ − क/२)⁴ × (१ + २क), नाहीतर शून्य. सुरुवातीचा ७ ÷ ४पाय हा गुणक फक्त दोन मितींचा. तीन मितींत तो २१ ÷ (१६ × पाय × ह³) होतो. एकीकडचा गुणक दुसरीकडे चिकटवणं ही इतकी सर्रास चूक आहे की आधी तपासणीच लिहा: मधल्या कणासाठी (वस्तुमान ÷ घनता × वजन) यांची सगळ्या शेजाऱ्यांवर, स्वतःसकट, बेरीज १ च्या अगदी जवळ आली पाहिजे.

आता ध्वनीचा वेग. खऱ्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असतो. तो वापरला तर टाइम स्टेप हास्यास्पद लहान होते. म्हणून मुद्दाम मऊ पाणी घेतात: प्रवाहाच्या सर्वांत मोठ्या वेगाच्या दहापट ध्वनिवेग ठेवायचा, म्हणजे घनतेतला फरक एक टक्क्याच्या आसपास राहतो. ०.५ मीटर उंचीचं पाणी मोकळं सुटलं तर कमाल वेग २ × √(९.८१ × ०.५) = ४.४३ मीटर प्रतिसेकंद. म्हणून ध्वनिवेग ४५ घेऊ.

दाब = ब × [(घनता ÷ १०००)⁷ − १], आणि ब = १००० × ४५² ÷ ७, म्हणजे सुमारे २,८९,००० पास्कल.

इथे थांबून एक हिशेब करा, कारण एसपीएचच्या बहुतेक तक्रारी याच्यातून निघतात. तळाचा दाब १००० × ९.८१ × ०.५ = ४,९०५ पास्कल. तेवढ्यासाठी घनता किती वाढायला हवी? फक्त १००२.४. उलट, कुठल्याही कारणाने घनतेत एक टक्क्याची चूक झाली तर दाबात २०,००० पास्कलची चूक पडते, म्हणजे तळाच्या दाबाच्या चौपट. घनतेतली जरा कुरकुर दाबात आरडाओरडा होऊन बाहेर येते. दाबाचे रंग ठिपक्याठिपक्यांचे दिसत असतील तर दाबाच्या सूत्रात चूक शोधत बसू नका, घनता पाहा.

टाइम स्टेप: ०.२५ × ह ÷ (ध्वनिवेग + कमाल वेग) = ०.२५ × ०.०१३ ÷ ४९.४, म्हणजे ०.००००६६. आपण ०.००००६ घेऊ. एका सेकंदाला सुमारे १६,७०० पावलं.

एका पावलात काय काय करायचं

पहिलं काम शेजारी शोधण्याचं. भिंतीचे धरून साधारण ३,००० कण असतील. प्रत्येकाने प्रत्येकाला तपासलं तर ९० लाख जोड्या होतात. हौदावर २ह बाजूच्या खोक्यांची जाळी टाका, प्रत्येक कण कुठल्या खोक्यात आहे ते नोंदवा, आणि फक्त आपलं खोकं व भोवतालची आठ खोकी बघा. मग कामाच्या जोड्या ६३,००० च्या आसपास उरतात. पायथनच्या साध्या लूपमध्ये हेही रांगत चालेल, लूप वेगवान करणारी नुंबा ही लायब्ररी वापरा.

दुसरं, घनता. दोन मार्ग आहेत: शेजाऱ्यांची वजनी बेरीज, किंवा सातत्य समीकरणातून घनतेचा बदल काढणं. पहिला मार्ग सोपा दिसतो आणि नवशिके त्यातच फसतात. पाण्याच्या वरच्या थरातल्या कणाला वरच्या बाजूला शेजारीच नाहीत, त्यामुळे बेरीज फार कमी येते. कोडला वाटतं पाणी विरळ झालंय, दाब उणे होतो आणि पृष्ठभाग आत ओढला जातो. म्हणून मोकळ्या पृष्ठभागाला सातत्य समीकरण: घनतेचा बदल = शेजाऱ्यांवर बेरीज (त्याचं वस्तुमान × (माझा वेग − त्याचा वेग) गुणिले कर्नलचा उतार). सगळे शेजारी एकाच वेगाने जात असतील तर बदल शून्य, पृष्ठभाग असो वा नसो.

तिसरं, त्वरण. प्रत्येक शेजाऱ्यासाठी (माझा दाब ÷ माझ्या घनतेचा वर्ग) + (त्याचा दाब ÷ त्याच्या घनतेचा वर्ग), हे त्याच्या वस्तुमानाने आणि कर्नलच्या उताराने गुणून, उणे चिन्हाने जमा करा. शेवटी गुरुत्वाकर्षण. इथे ‘अधिक’ का, ‘वजा’ का नाही, असं विचारलं जातं. दोन दाबांची वजाबाकी घेतली तर उतार काही वेळा अधिक अचूक येतो, पण एका कणाने दुसऱ्याला दिलेला धक्का आणि दुसऱ्याने पहिल्याला दिलेला धक्का सारखा राहत नाही. मग हौद आपोआप एका बाजूला सरकू लागतो. बेरजेच्या रूपात न्यूटनचा तिसरा नियम जोडीजोडीने पाळला जातो.

चौथं, कृत्रिम विष्यंदता (व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा). तिच्याशिवाय कण थरथरत राहतात आणि जास्त झाली तर पाण्याची काकवी होते. तिचा गुणक अल्फा ०.०२ पासून सुरू करा. दोन मितींत ती अल्फा × ह × ध्वनिवेग ÷ ८ इतक्या विष्यंदतेसारखी वागते. ०.०२ ला हा आकडा ०.००१५ वर्गमीटर प्रतिसेकंद येतो, आणि खऱ्या पाण्याचा ०.०००००१ आहे. म्हणजे तुमचं ‘पाणी’ हजारपटीहून जास्त घट्ट आहे. धरणफुटीच्या पहिल्या सेकंदात याने फारसं बिघडत नाही. पाइपातल्या घर्षणाचा अभ्यास करायचा असेल तर मात्र हा आकडा विसरू नका.

मग वेग अर्धं पाऊल पुढे, जागा पूर्ण पाऊल, पुन्हा त्वरण, वेगाचं उरलेलं अर्धं पाऊल. जुन्याच वेगाने आणि त्वरणाने एकदम पूर्ण पाऊल टाकणारी साधी ऑयलर पद्धत वापरू नका. त्यात ऊर्जा वाढत जाते.

भिंतीसाठी बाहेरच्या बाजूला कणांचे तीन थर लावा, कारण २.६ कणांतरांचा प्रभाव भिंतीत पूर्ण भरलेला हवा. या कणांची घनता पाण्यासारखीच बदलू द्यायची, पण त्यांना हलू द्यायचं नाही. त्यांची घनता १००० च्या खाली जाऊ लागली तर तिथेच अडवा, नाहीतर भिंत पाण्याला चोखून धरते. या सोप्या पद्धतीत पाणी आणि भिंत यांच्यात साधारण ‘ह’ एवढी फट दिसते. ती चूक तुमची नाही, पद्धतीची आहे. ती घालवायची असेल तर अडामी आणि सहकाऱ्यांची २०१२ ची पद्धत घ्या: भिंतीच्या कणाचा दाब जवळच्या पाण्याकडून मोजून घ्यायचा.

आता पाणी नुसतं उभं ठेवा

धरणफुटीचा व्हिडिओ करायची घाई असते, हे खरं. पण उसळणाऱ्या लाटेत दहा चुका लपतात, आणि शांत हौदात एकही लपत नाही. वरचा हौद दोन सेकंद चालवा. काहीही व्हायला नको.

प्रत्यक्षात पहिल्यांदा काहीतरी होतंच. सगळ्या कणांची घनता १००० ठेवून सुरुवात केली तर सुरुवातीचा दाब शून्य असतो. पाणी एक मिलिमीटरहून थोडं जास्त खचतं, दबतं, परत उसळतं. तळाचा दाब ४,९०५ ऐवजी दुपटीपर्यंत, म्हणजे ९,८०० च्या आसपास जाऊन परत शून्याकडे येतो. या झोक्याचा काळ ४ × उंची ÷ ध्वनिवेग = २ ÷ ४५, म्हणजे ०.०४४ सेकंद. तुमच्या आलेखात हाच काळ दिसला तर आनंद माना. कोड बरोबर आहे, फक्त सुरुवात चुकली. उपाय सोपा आहे: प्रत्येक कणाला त्याच्या खोलीप्रमाणे घनता द्या. घनता = १००० × [(१ + १००० × ९.८१ × खोली ÷ ब) चं सातवं मूळ]. तळाला १००२.४ येते का, ते बघा.

झोक्याचा काळ वेगळाच निघाला तर ध्वनिवेग किंवा ‘ब’ कुठेतरी चुकलाय. सगळं पाणी भिंतीतून खाली गळालं तर भिंतीचे थर कमी आहेत किंवा टाइम स्टेप मोठी आहे. ती अर्धी करून पाहा. तरीही गळालं तर थर. पहिल्याच पावलांत कण चहूकडे फुटले तर ऐंशी टक्के वेळा कर्नलच्या उताराचं चिन्ह उलटं असतं (हा अंदाज आमचा, पण पैज लावायला हरकत नाही). उरलेल्या वेळा दोन कण नेमके एकाच जागी ठेवलेले असतात, बहुधा हौदाच्या कोपऱ्यात, जिथे तळाचे आणि बाजूचे थर एकमेकांवर चढतात.

कण दोन-दोनच्या जोड्यांनी चिकटू लागले तर? दाब उणे झालाय, कणांमध्ये ओढ निर्माण झालीय. स्वीगल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या ताणातल्या अस्थिरतेचं गणित मांडलं. पाण्यासाठी उणे दाब शून्यावर कापणं हा रांगडा पण चालणारा उपाय. क्युबिक स्प्लाइन कर्नल वापरून ‘ह’ फार मोठा ठेवला तरी अशाच जोड्या जमतात. वेंडलँडमध्ये तो त्रास नाही.

दाबात ठिपके राहिलेच तर डेल्टा-एसपीएच: सातत्य समीकरणात घनतेच्या विसरणाची छोटी संज्ञा, गुणक ०.१. ती टाकल्यावर फरक लगेच दिसतो.

दोन सेकंदांनंतर कुठल्याही कणाचा वेग सेकंदाला दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावा आणि दाबाचा खोलीशी आलेख सरळ रेषा असावा. एवढं जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग भिंत उचला

तोच हौद, तेच २,५०० कण. फक्त उजवी भिंत उचलून डाव्या भिंतीपासून २ मीटरवर ठेवा. तळ लांबल्याने भिंतीचे कण सुमारे साडेचारशेने वाढतील.

तपासायला दोन आकडे हाताशी ठेवा. कोरड्या तळावर आदर्श लाटेचं टोक २√(गुरुत्व × उंची) पेक्षा वेगाने जात नाही. रिटर यांचं हे उत्तर १८९२ सालचं. आपल्या हौदात उरलेलं अंतर १.५ मीटर, वेग ४.४३, म्हणजे टोक ०.३४ सेकंदाच्या आत समोरच्या भिंतीला लागलं तर ते शक्यच नाही, काहीतरी चुकलंय. खरं पाणी सुरुवातीला वेग घ्यायला वेळ लावतं, म्हणून ते बरंच नंतर पोचतं. दुसरा आधार मार्टिन आणि मॉइस यांच्या १९५२ च्या प्रयोगांचा. टोक कुठल्या वेळी कुठे होतं याच्या त्यांच्या नोंदींवर आजही नवे कोड घासून बघितले जातात. तुमचं टोक त्या नोंदींपेक्षा किंचित पुढे असेल तर घाबरू नका. प्रयोगात पडदा काढायला वेळ लागतो आणि तळाचं घर्षण असतं.

समोरच्या भिंतीवरचा दाब मोजताना एकाच कणाचा आकडा घेऊ नका. २ह त्रिज्येतली वजनी सरासरी घ्या, नाहीतर आलेख कंगव्यासारखा येईल.

आता कणांतर अर्धं करा, ५ मिलिमीटर. दोन मितींत कण चौपट, टाइम स्टेप अर्धी, म्हणजे काम आठपट. तीन मितींत हेच सोळापट. टोकाची जागा दोन्ही वेळा जवळपास सारखी आली तरच तिच्यावर विश्वास ठेवा. दाबाचं शिखर मात्र सहसा उशिरा स्थिरावतं.

नाशिकच्या मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) इथे धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून पाण्याचा अभ्यास होतो. १:२५ प्रतिकृतीत वेग आणि वेळ दोन्ही पाचपट कमी होतात. मग आपणही लहान प्रतिकृतीच चालवली तर वेळ वाचेल का? नाही. कण सारखेच ठेवले तर पावलांची संख्या तेवढीच राहते. पाण्याच्या उंचीत किती कण बसतात, यावरच सगळा खर्च ठरतो. सांडव्यावरच्या पातळ धारेत किमान दहा कण बसत नसतील, तर त्या धारेबद्दल काही बोलू नये.

माती आणि घाट

एसपीएचने घन पदार्थही करता येतात, पण ताणात तो पदार्थ आपोआप तुकडे तुकडे होतो आणि खऱ्या तड्यासारखा दिसतो. ती फसवणूक ओळखायला अनुभव लागतो. म्हणून मातीसाठी एमपीएम घ्या. ताइची या पायथन-लायब्ररीत अठ्ठ्याऐंशी ओळींचं एमपीएमचं उदाहरण आहे, ते ओळ न् ओळ समजून घ्या.

दोन मितींत जाळीच्या प्रत्येक चौकोनात चार कण, दोन बाय दोन. कण आणि जाळी यांच्यात माहिती वाटून देणारी आकारफलनं साधी रेषीय वापरली की कण एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना ताणात झटका बसतो. त्याऐवजी द्विघाती बी-स्प्लाइन किंवा जीआयएमपी ही जास्त गुळगुळीत फलनं घ्या. वेग परत देताना नुसतं पीआयसी (जाळीवरचा वेगच कणाला देणं) वापरलं तर माती मधासारखी संथ होते, नुसतं फ्लिप (जाळीवरच्या वेगातला फक्त बदल कणाच्या वेगात मिळवणं) वापरलं तर कण खडखडतात. फ्लिपचा वाटा ०.९५ ते ०.९९ ठेवून बाकी पीआयसी ठेवा.

टाइम स्टेप ताणलहरीच्या वेगाने ठरते. लवचिकता १ कोटी पास्कल, घनता १,८०० असेल तर तो वेग साधारण ७५ मीटर प्रतिसेकंद. १० सेंटीमीटरच्या चौकोनाला मर्यादा ०.००१३ सेकंद, वापरा ०.०००५. आणि इथेही पहिली चाचणी तीच. ५ मीटर उंच मातीचा स्तंभ नुसता उभा ठेवा. तळाचा ताण १,८०० × ९.८१ × ५ = ८८,३०० पास्कल आला पाहिजे. गुरुत्वाकर्षण हळूहळू चढवा, नाहीतर हौदातला दुपटीचा झोका इथेही येतो. उतार घसरवायचा तो त्यानंतर.

कांद्याचा हॉपर

शंभर ग्रॅमचा, सहा सेंटीमीटर व्यासाचा कांदा धरा. हॉपरमध्ये दीड मीटर थर, म्हणजे एकावर एक २५ कांदे. तळाच्या कांद्यावर साधारण २४.५ न्यूटन. स्प्रिंगचा ताठपणा १०,००० न्यूटन प्रतिमीटर ठेवला तर तो कांदा २.४५ मिलिमीटर रुतेल, व्यासाच्या चार टक्के. ते जास्त झालं, कारण रुतणं एक टक्क्याच्या आत हवं. ५०,००० केलं तर अर्धा मिलिमीटर. चालेल.

पण ताठपणा वाढला की टाइम स्टेप कमी होते. दोन कांद्यांच्या टकरीचा काळ पाय × √(०.०५ ÷ ५०,०००) = ०.००३१ सेकंद. (०.०५ हे दोघांचं मिळून परिणामी वस्तुमान, एका कांद्याच्या निम्मं.) त्याचे तीस भाग केले तर टाइम स्टेप ०.०००१ सेकंद. खऱ्या कांद्याचा ताठपणा टाकायचा हट्ट धरू नका. ओघाच्या प्रश्नात एवढ्याने उत्तर बदलत नाही, हे दोन-तीन ताठपणे घालून पडताळून घ्या.

कांदा गोल नसतो, तळाशी चपटा आणि मानेकडे निमुळता असतो, त्यामुळे गुळगुळीत गोळे भराभर वाहतात आणि ढीग पसरट होतो. उपाय म्हणून लोटण-घर्षण, म्हणजे गडगडण्याला होणारा विरोध, टाकतात, पण त्याचा आकडा कुठल्या तक्त्यात शोधू नका. बुडाशी उघडं पिंप जमिनीवर ठेवा, त्यात कांदे भरा, पिंप सावकाश वर उचला. ढिगाचा कोन बाजूने घेतलेल्या फोटोवरून मोजा. कोड तसाच चालवा आणि कोन जुळेपर्यंत फक्त लोटण-घर्षण बदला. घसरण-घर्षण कांद्याला तिरक्या फळीवर सरकवून आधीच मोजून ठेवलेलं असावं. दोन्ही आकडे एकत्र फिरवले तर एकाच कोनाच्या अनेक जोड्या सापडतात आणि कोणती खरी ते कळत नाही. म्हणून कोन जुळल्यावर हॉपरचं तोंड उघडून शंभर किलो कांदा किती सेकंदांत उतरतो ते घड्याळ लावून मोजा, आणि तो आकडा कोडला आधी न सांगता जुळतो का पाहा.